एवढा चाकू

माझ्या पर्समध्ये एक चाकू असतो. मिटणारा, करंगळीहून जरा लांब, काळ्या शिंगाच्या मुठीचा. किल्ल्या, रुमाल, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि चाकू असं माझं रोजचं सामान. त्यातलं काही विसरलं तर चालतं, पण चाकू घरी राहिला तर नौपाड्याच्या कोपऱ्यावरून परत फिरते. मागच्या महिन्यात सुनेबरोबर एका मॉलमध्ये गेलेले. दारावरच्या मुलीने पर्समध्ये हात घालून तो बाहेर काढला, उंच धरला आणि म्हणाली, "आजी, ये अंदर नहीं जाएगा." मागे रांग होती. सगळे बघायला लागले. मुलगी तशी हसतमुख होती, तिने चिठ्ठी देऊन चाकू एका खोक्यात ठेवून घेतला, जाताना परत दिला. घडलं ते एवढंच. पण माझे तळहात ओले झाले होते. सून म्हणाली, "आई, कशाला बाळगता हो? एक सफरचंद कापायला?" मी हो म्हटलं आणि विषय संपवला. साठी उलटलेल्या बाईला एका युनिफॉर्मसमोर एवढा घाम का फुटावा, हे तिला रांगेत उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं.

आम्ही तेव्हा ठाकुर्लीला एका दुमजली चाळीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी औषधांचा वास घेऊन यायचे. बुटके, बारीक, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या उजव्या खिशात हाच चाकू. कोकणातल्या आमच्या गावाजवळच्या एका लोहाराने तो केला होता, आणि अण्णा मुंबईकडे निघाले तेव्हा आजोबांनी तो त्यांच्या हातात ठेवला होता. पात्यावर नख घालायला एक खाच होती. तिथे नख घालून ओढलं की पातं उघडायचं आणि शेवटी टक् असा आवाज व्हायचा. माझ्या लहानपणाचे आवाज मोजायला बसले तर स्टोव्हच्या भरभरीनंतर आणि नळाच्या खाकरण्याच्या आधी तो टक् येतो.

त्या चाकूने काय व्हायचं नाही? पेरू कापला जायचा, माझ्या पेन्सिलीला टोक यायचं, पार्सलची सुतळी तुटायची, तळपायातला काटा निघायचा. रविवारी गॅलरीत बसून अण्णा ऊस सोलायचे आणि चाळीतली सगळी पोरं रांगेत बसून कांडकं मिळायची वाट बघायची. नंतर ते पातं पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून, उन्हात धरून बघायचे. चाळीत कुणालाही काही कापायचं, खरवडायचं, उचकटायचं झालं की हाक यायची, "शैले, अण्णांना विचार गं, चाकू आहे का!" घरोघरी विळ्या होत्या, सुऱ्या होत्या, पण अण्णांचा चाकू मागण्यात काहीतरी निराळं होतं. तो खिशातून यायचा. माणसाबरोबर हिंडणारी वस्तू होती ती, आणि मागितली की अण्णांना बरं वाटायचं. एरवी चाळीत त्यांना फारसं कुणी विचारत नसे. भांडणं सोडवायला, गणपतीची वर्गणी ठरवायला दुसरी भारदस्त माणसं होती. चाकूपुरते मात्र अण्णा मोठे. मला तर ते राजाच वाटायचे. त्यांनी मला चाकू धरायला शिकवलं तो दिवस मला शाळेत पहिल्यांदा गेले त्या दिवसापेक्षा लख्ख आठवतो. "पातं अंगापासून लांब. घाई नाही. पेन्सिल फिरवायची, चाकू नाही." मी जीभ बाहेर काढून टोक केलं. वाकडंच झालं, पण अण्णांनी ती पेन्सिल दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली आणि डॉक्टरांना दाखवली.

चाळ ताराबाईंची होती. म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतावर ती बांधलेली होती, आणि गॅलरीच्या टोकाच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे यजमान राहत. इथल्या मूळच्या आगरी. उंच, धिप्पाड, आवाज असा की खालच्या विहिरीवरून बोलल्या तरी वरच्या मजल्यावर कपबशी थरथरावी. मला त्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि कोंबडीने नुकतंच घातलेलं गरम अंडं हातात द्यायच्या. आईचं आणि त्यांचं तसं बरं होतं, पण आई मनातून त्यांना थोडी बिचकून असायची. त्यांना चाळीतल्या प्रत्येकाचं सगळं माहीत असतं आणि त्या ते बोलतात, असं आईचं मत.

मी दहा वर्षांची असेन. एक दिवस शाळेतून आले तर चाळीत कुजबुज चाललेली. रुळांपलीकडच्या माळावर कुणा तरुणाला आदल्या संध्याकाळी भोसकलं होतं. तो जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. कुणी केलं ते कळत नव्हतं. बायका दारं अर्धी लोटून बोलत होत्या. आईने मला हात धरून आत घेतलं आणि म्हणाली, "एकटीनं माळाकडे जायचं नाही. अजिबात नाही." मी घाबरले, पण ती भीती लांबची होती, गोष्टीतल्या वाघासारखी.

दुपारी चारला नळ यायचा. मी हंड्यापाशी रांग धरून पायरीवर बसले होते. आई वर पीठ मळत होती. तेवढ्यात दोन पोलीस आले. एक तरुण शिपाई, तो पलीकडच्या चाळीकडे गेला. दुसरा पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा हवालदार. तो आमच्या नळापाशी थांबला, ताराबाईंशी काहीतरी बोलला. बिऱ्हाडं किती, बाहेरचं कुणी येतं का, असलं काही. ताराबाई कळशी भरत भरत उत्तरं देत होत्या. हवालदार डायरीत लिहीत होता आणि त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने ती माझ्यासमोर धरली. "काय गं पोरी, टोक करायला काही आहे का तुझ्याकडे?"

तो इतकं प्रेमाने बोलला. मला कितीतरी वेळा वाटलं, तो रागावून बोलला असता तर मी गप्प बसले असते. मी म्हटलं, "अण्णा असते तर त्यांनी लगेच करून दिलं असतं. त्यांच्या खिशात चाकू असतो."

"असं? रोज असतो?"

"रोज."

"केवढा आहे?"

खरं म्हणजे तो चाकू मिटलेला माझ्या मुठीत मावायचा. पण समोर पोलीस होता, तो कौतुकाने ऐकत होता, आणि विषय माझ्या वडिलांचा होता. मी दोन्ही हात पुढे केले आणि एक वीत, किंबहुना वितीहून थोडं जास्तच अंतर धरलं. "एवढा," मी म्हटलं. "आणि खूप धार आहे. सगळी चाळ त्यांच्याकडेच मागते."

हवालदाराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले.  त्याने विचारलं, "कुठली खोली?" मी बोटाने दाखवली. त्याने पेन्सिल दाताने खरवडून टोक काढलं आणि डायरीत लिहिलं.

संध्याकाळी अण्णा जिन्यावर आले तेव्हा ते दोघे गॅलरीत उभे होते. हवालदार म्हणाला, "कंपाउंडर ना तुम्ही? खिशात काय आहे?" अण्णांनी रुमाल काढला, पास काढला, मग चाकू काढला आणि नेहमीच्या सवयीने, कुणी मागितल्यावर देतात तसा, मिटलेलाच पुढे केला. हवालदाराने तो उघडला. टक् झालं. सगळ्या दारांतून माणसं बघत होती. अण्णा म्हणाले, "अहो, पेरू कापायचा आहे तो." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "चौकीत सांगा काय ते," हवालदार म्हणाला. अण्णांनी डब्याची पिशवी आईकडे दिली. डब्यातला चमचा आत वाजत होता. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की मोठी माणसं घाबरतात. वडील घाबरतात हे तर अजिबातच नाही.

ते जिना उतरून गेले आणि मला एकदम सगळं कळलं. मी सांगितलं होतं. मी एवढा म्हणून दाखवला होता. माझ्या डोक्यात एकच हिशोब सुरू झाला: त्या माणसाला चाकूने मारलं, अण्णांकडे चाकू आहे, म्हणून अण्णांना फाशी देणार. मी आईला सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि नुसतीच पदराचं टोक पिळत होती, जणू त्यातून पाणी निघणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नौपाड्याला डॉक्टरांकडे गेली आणि मला ताराबाईंकडे ठेवून गेली. त्यांनी माझ्यासमोर भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली. मला घास गिळेना. खालून सायकलची घंटी वाजली तरी मी दचकत होते. पोस्टमन आला, तर त्याचे खाकी कपडे बघून मी त्यांच्या भाताच्या कणगीच्या मागे जाऊन बसले. ताराबाईंनी मला तिथून ओढून बाहेर काढलं नाही. भाकरीची ताटली उचलून तिकडे आणून ठेवली, एवढंच, आणि म्हणाल्या, "जेव गो बाय. बाप येतंय तुजा." मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "त्यानं कय केलाच नाय, तं येल नाय तं जाईल कुठं?" त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, असं आता आठवताना वाटतं. तेव्हा मी मान वर केली नव्हती.

अण्णा त्या दिवशी उन्हं कलताना आले. डॉक्टरांनी चौकीत जाऊन सांगितलं होतं की घटना घडली त्या वेळी अण्णा दवाखान्यात आपल्यासमोर पुड्या बांधत होते. शिवाय तो जखमी तरुण शुद्धीवर आला होता आणि त्याने आपल्याच ओळखीतल्या एकाचं नाव घेतलं होतं. अण्णांना कुणी हात लावला नव्हता. एका बाकावर बसवून ठेवलं होतं आणि तेच तेच विचारलं होतं: चाकू कशाला? रोज कशाला? सभ्य माणसाला खिशात चाकू कशाला लागतो? चाकू मात्र तपासासाठी ठेवून घेतला होता. अण्णा मोरीत जाऊन खूप वेळ पाय धूत राहिले. आईने वरण-भात वाढला, लिंबू ठेवलं. लिंबू कापायला त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशातच थांबला. मग त्यांनी ते लिंबू तसंच ताटाबाहेर काढून ठेवलं.

मला वाटलं होतं, अण्णा आले की भीती संपेल. ती संपली नाही, तिने जागा बदलली. आता आई रोज एकच प्रश्न विचारत होती, सांगितलं कुणी? चाकू चाळीला माहीत होता, पण पोलिसांना कसा कळला? अण्णा म्हणायचे, "सोड ना." आई सोडणाऱ्यातली नव्हती. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की पोलीस आले तेव्हा नळावर ताराबाई त्यांच्याशी बोलत होत्या. बस. दुसऱ्या दिवशी चारच्या नळाला, सगळ्या बायकांसमोर, आई त्यांना म्हणाली, "ताराबाई, आमच्या घरावर काय राग होता तुमचा? भाडं वेळेवर देतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या नवऱ्याला चौकीत बसवून काय मिळालं तुम्हाला?"

मी आईच्या मागे रिकामी बादली घेऊन उभी होते. ताराबाईंनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मला आजही अंगावर जाणवते. त्यांच्या त्या दांडग्या आवाजात आता त्या काय बोलतील याची मी वाट बघत होते. बादलीची कडी माझ्या बोटांत रुतत होती.  त्यांनी हंडा डोक्यावर घेतला आणि त्या निघून गेल्या. आई म्हणाली, "बघा. एक शब्द नाही तोंडात." आणि बायकांनी माना डोलावल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. बाहेरून काहीच घडत नव्हतं. मी शाळेत जात होते, पाढे म्हणत होते. पण आईने मला ताराबाईंच्या दाराकडे जायला बंदी केली होती आणि चाळीतल्या आणखी दोन-तीन घरांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं होतं. त्या गॅलरीतून गेल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. घरमालकीण असून त्या आता नळावर सगळ्यांच्या शेवटी यायच्या. मी रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज आईने हाक मारली की दुसरंच काहीतरी बोलायचे. तिकडे अण्णा निराळेच झाले होते. रस्त्यात खाकी दिसलं की ते माझा हात घट्ट धरून बाजू बदलायचे. कुणी सवयीने म्हणून जायचं, "अण्णा, जरा चाकू..." आणि मग स्वतःची जीभ चावायचं. अण्णा खांद्याकडे बघत म्हणायचे, "नाही हो आता." रविवारी ऊस आला नाही. पोरं दोन रविवार गॅलरीत येऊन बसली आणि मग यायची बंद झाली.

महिन्याभराने चौकीतून निरोप आला, चाकू घेऊन जा. अण्णा गेले नाहीत. पुन्हा निरोप आला. आई म्हणाली, "जाऊच नका. मरू दे तो चाकू." तिसऱ्यांदा तो तरुण शिपाई खालूनच सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "कंपाउंडर, साहेबांनी बोलावलंय!" तेव्हा अण्णा उठले आणि मला म्हणाले, "चल शैले. लहान मूल बरोबर असलं की..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. मी बरोबर असले की पोलीस अण्णांना ठेवून घेणार नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. आणि मी चालता चालता थंड पडत चालले होते, कारण तिथे तो हवालदार असणार होता.

तो होताच. चौकीत फायलींचे गठ्ठे होते, पंखा कुरकुरत होता. हवालदार एका गठ्ठ्याची सुतळी कापत होता, अण्णांच्याच चाकूने. आम्हाला बघून त्याला जरासुद्धा ओशाळल्यासारखं वाटलं नाही. "या, या कंपाउंडर! काय चाकू आहे हो तुमचा. धार बघा. महिनाभर आमची अख्खी चौकी यावर चाललीय. साहेबांनी तर आंबेसुद्धा कापले." अण्णा कसनुसे हसले. ते म्हणाले, "लागत असेल तर... राहू द्या तुमच्याकडे." ते इतक्या गरिबीने म्हणाले की मला रडू फुटायला आलं. "छे, छे," हवालदार म्हणाला, "नोंद आहे त्याची. सही करा, घेऊन जा." अण्णा सही करायला वाकले. मी त्यांच्या पाठीमागे सरकले, जमेल तेवढी बारीक झाले. पण त्याने मला पाहिलंच.

"अरे, ही तीच ना? नळावरची?" तो मोठ्याने हसला. "हिनंच तर आम्हाला सांगितलं, माझ्या अण्णांच्या खिशात रोज चाकू असतो म्हणून. आणि केवढा म्हणाली माहितीय? एवढा!" त्याने दोन्ही हात फाकून दाखवले. तरुण शिपाईही हसला. अण्णांचं पेन सहीच्या मध्येच थांबलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. सही पूर्ण केली, चाकू खिशात ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर पडले.

आम्ही चालायला लागलो. ते पुढे, मी दोन पावलं मागे.  त्यांनी मारलं असतं, ओरडले असते, तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, आणि घरी जाऊन आईला सांगतील, मग आईही बोलणार नाही, आणि मी त्या घरात त्यांच्यामध्ये तशीच मोठी होणार. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, डब्यामागून डबे, संपेचना. शेवटचा डबा गेल्यावर अण्णा म्हणाले, "एवढा?" आणि हाताने वीतभर अंतर दाखवलं.

मी रस्त्यातच रडायला लागले. ते खाली बसले, माझ्या उंचीला आले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, तशी पद्धत नव्हती आमच्याकडे. पण खांद्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याबरोबर दवाखान्यात काम करणाऱ्या वसंतानेच सांगितलं असेल, असा संशय घेतला गं मी. त्याच्याशी महिनाभर धड बोललो नाही मी. उद्या त्याच्यासमोर कसा उभा राहू?" मग म्हणाले, "आणि तुझी आई ताराबाईंना..."

"तुम्ही सांगा आईला," मी म्हटलं.

"मी नाही. तू सांगायचंस."

"ती मारेल."

अण्णांनी खरंच विचार केला. "मारेल बहुतेक," ते म्हणाले.

मी आजपर्यंत तीन मोठी आजारपणं काढली, एकदा ऑपरेशनच्या वेळी भूलसुद्धा पुरती चढली नव्हती. पण त्या दिवशी फाटकापासून चाळीपर्यंत जेवढी घाबरले होते तेवढी पुन्हा कधी नाही. आई तांदूळ निवडत होती. अण्णा दारातच चपला काढत राहिले, खूप वेळ. मी आईसमोर उभी राहून एका दमात सांगून टाकलं. पेन्सिल, पोलीस, एवढा, सगळं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिचा उजवा हात उठला. मी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा हात तसाच हवेत होता आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने विचारलं, "आणि ताराबाई?"

"त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. त्या पाणी भरत होत्या."

आई उठली. तिने माझा दंड धरला, इतका की पुढे दोन दिवस वळ होते, आणि मला जवळजवळ ओढत गॅलरीच्या टोकाला नेलं. बायका दारात आल्या. ताराबाई जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. आई उंबऱ्याबाहेर थांबली. "ताराबाई, हिनं सांगितलेलं पोलिसाला. ही बोलली."

ताराबाई शेंगा सोलतच राहिल्या. "मना ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे?"

"मी नलावंच व्हते की. आयकला सगला."

आईचा आवाज फाटला. "मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला सगळ्यांसमोर काय काय बोलले! महिना झाला!"

"बोलले असते तं तू पोरीला मारून टाकली असतीस. नवरा चौकीत जाऊन आलेला, तुजा डोका ठिकाणावं व्हता का तवा? मना बोललीस, माजा कय गेला?" त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, आणि मग त्यांचा तो दांडगा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गेला. जरा गेला. कुनी बोलना, त्याचा वाईट वाटला. पन पोरीचा जास्त गेला असता."

 माफी मागणं आईला कधी जमलं नाही, पुढेही नाही. ती एवढंच म्हणाली, "आता मी तुमच्यासमोर कशी येऊ?"

"आलीस की गो," ताराबाई म्हणाल्या. "बस."

आईने माझा दंड सोडला आणि उंबरा ओलांडून त्यांच्यासमोर बसली. मी बाहेरच उभी राहिले. मला कुणी आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आत दोघी शेंगा सोलत होत्या.